ओंडका

"ओंडक्यासारखं वळायचं, मेस्त्रीकाका.
खांदा, कंबर, गुडघा, सगळं एकदम. मधे पीळ नको."
लोर्ना परेरा, वय असेल चोवीस,
मला कुशीवर वळायला शिकवते.
एकेचाळीस वर्षं ओंडके वळवले, बाई.
साग, शिसव, एकदा तेरा फुटी फणस.
त्यांना आतून कसं वाटतं
ते विचारायचं राहूनच गेलं.

चार स्क्रू, दोन सळ्या.
एक्स-रे बघितला तेव्हा पहिलं मनात आलं,
काम साफ आहे. माथा एकही तिरका नाही.
डॉक्टरांना विचारलं, आधी भोक पाडून घेता ना?
ते थांबले. मग हसले, हो म्हणाले.
आणि मधल्या फटीत काय भरलंत?
तुमच्याच हाडाचा चुरा.

म्हणजे भुसा आणि फेविकॉल.
अंगठ्यानं दाबायचं, वरून पॉलिश,
ओशिवऱ्याच्या बाजारात गिऱ्हाइकाला कधी कळलं नाही.
फक्त लाकूड सकाळपर्यंत धरतं.
हाड म्हणे सहा महिने घेतं, वर्षही घेईल,
आणि तोवर क्लॅम्प मीच.

वाकायचं नाही. उचलायचं नाही. पिळायचं नाही.
घरी आल्याच्या तिसऱ्या दिवशी
कानावरची पेन्सिल पलंगाखाली गेली.
राहू दे म्हटलं.
शालननं माझ्या पायाची नखं कापली, मान खाली घालून.
त्याबद्दल आम्ही दोघंही काही बोललो नाही.

सकाळी पट्टा बांधून पॅसेजमध्ये चालतो.
सातवा मजला, जोगेश्वरी, चौसष्ट लाद्या जायला,
चौसष्ट यायला.
सातशे चारचं चपलांचं कपाट माझ्या हातचं,
त्याचं दार खाली घासतं.
रंध्याचे चार हात, बस.
हात तयार आहेत.

मंगळवार-शुक्रवार इस्पितळाचं तळघर.
शेजारच्या गादीवर मस्जिद बंदरचा हमाल, रामसजीवन.
पन्नास-पन्नास किलो पाठीवर नेलं त्यानं,
आता स्वतःचा पाय वीतभर उचलतो
आणि छताला शिव्या देतो, भोजपुरीत, हळू आवाजात.
"बेंबी आत ओढा, कंबर गादीला टेकवा, श्वास सोडू नका, म्हणजे
सोडा, पण धरू नका." लोर्नाचाही गोंधळ होतो.
मी डोळ्यांसमोर पोटावर पाणसळ ठेवतो,
बुडबुडा मधे येईपर्यंत.
बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, म्हातारा झोपलाय.
बनियन पिळून निघतं.

मग कापसाची परीक्षा. डोळे मिटायचे.
ती डाव्या पायाला कापूस लावते.
"आता?" हो. "आता?" हो.
"आता?" हो.
"काका, अजून लावलाच नव्हता."
अंगठा नऊ महिने मुका आहे.
चोरी पकडलेल्या पोरासारखा मी गप्प.
तिनं वहीत काहीतरी लिहिलं,
रामसजीवननं दुसरीकडे तोंड वळवलं.

अकराव्या आठवड्यात परवानगी मिळाली.
पाठ सरळ, कुल्ले मागे, गुडघ्यातून खाली जायचं.
घरी कोणी बघत नसताना
पलंगाचा पाया धरला आणि गेलो.
खाली धूळ, शालनचा एक डूल,
आणि पेन्सिल, पार भिंतीशी.
हात लांब करताना वर नजर गेली.
फळीच्या उलट्या बाजूला माझंच अक्षर:
अठरा आणि पाव, खाली एक बाण,
त्यापुढे चुकीचा आकडा, खोडलेला.
लग्नाआधी महिनाभर हा पलंग केला होता,
रात्री, शेटचं काम आटोपल्यावर.
त्या पोराची पाठ कशी होती, आठवायचा प्रयत्न केला.
आठवली नाही. तेव्हा ती होती,
एवढंच.

पेन्सिल कानावर ठेवली.
मग लक्षात आलं, खाली जायचं तेवढंच शिकवलंय,
वर यायचं शुक्रवारी.
जमिनीवर बसून हाक मारली,
"शालन!"
कुकरच्या आवाजात तिला ऐकू जाईना.
दुसऱ्यांदा जरा जोरात मारली.